तेरा सेकंद मागे

मराठीच्या प्राध्यापकांनी घड्याळदुरुस्तीविषयी लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. आम्हालाही ते वाटते. परंतु गेल्या काही महिन्यांत एका घड्याळाने आम्हाला आमच्याच विषयातील एक धडा नव्याने शिकवला. आरंभी त्याने आमची फजितीही केली. त्या फजितीला आम्हीच जबाबदार होतो, म्हणून ती लपवून ठेवणे बरे वाटत नाही.

कोयनेच्या खोऱ्यातील एका महाविद्यालयात आम्ही दोघे मराठी शिकवतो. आमच्या विभागाला लागून पत्र्याच्या छपराची एक अरुंद खोली आहे. भौतिकशास्त्राच्या आमच्या एका सहकाऱ्यांनी निवृत्त होण्यापूर्वी पदरमोड करून त्या खोलीत हौसेचा भूकंपलेखक उभा केला. ते गावी गेले आणि खोलीची किल्ली शेजारधर्म म्हणून आमच्याकडे आली. यंत्र साधेच आहे. फरशीवर घट्ट बसवलेला एक जिओफोन, म्हणजे चुंबक आणि स्प्रिंगवर तोललेले तारेचे वेटोळे. जमीन हलली की दोहोंत सापेक्ष हालचाल होते आणि अत्यल्प वीज निर्माण होते. ती सेकंदाला शंभर वेळा मोजली जाते, आणि प्रत्येक मोजमापाला एक वेळ चिकटवून तळहाताएवढा संगणक ती साठवून ठेवतो. म्हणजे प्रत्येक नोंदीला दोन अंगे : जमीन किती हलली आणि केव्हा हलली. ‘किती’ची वेडीवाकडी रेषा डोळ्यांना दिसते, म्हणून आमचे सारे कौतुक तिच्याच वाट्याला येई. ‘केव्हा’ हे आम्ही गृहीत धरले होते.

आमच्या भागात भूकंप ही बातमी नसते, शेजारी असतो. १९६२ च्या सुमारास शिवाजीसागर जलाशय भरू लागला, त्यानंतर धक्के जाणवू लागले, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ तीव्रतेच्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले. सुमारे पावणेदोनशे माणसे दगावली. तेव्हापासून लहानमोठे धक्के थांबलेले नाहीत. येथील जमिनीचा अभ्यास करण्यासाठी गोठणे येथे तीन किलोमीटर खोलीचे छिद्र घेण्यात आले आणि कराडला त्यासाठी स्वतंत्र संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली. अशा थोरामोठ्यांच्या शेजारी आमचे यंत्र म्हणजे पोरखेळच. पण पोरखेळाचाही कोणाला तरी विश्वास वाटू शकतो, हे आमच्या ध्यानात आले नव्हते.

मे महिन्यातील एका पहाटे लहानसा धक्का बसला. भांडी किणकिणली, कुत्री भुंकली, एवढेच. सकाळी महाविद्यालयात येऊन पाहतो तो यंत्राने सुरेख नोंद केलेली. दुपारी राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या यादीत तो धक्का आला, आणि एका चुणचुणीत विद्यार्थ्याने दोन्ही वेळा शेजारी ठेवून पाहिल्या. केंद्राने दिलेल्या भूकंपाच्या वेळेच्या नऊ सेकंद आधी आमच्या यंत्राची रेषा थरथरू लागली होती!

सायंकाळपर्यंत हे चित्र शेकडो मोबाईलवर फिरले. ‘आपल्या कॉलेजच्या यंत्राला भूकंप आधी कळला.’ चहाच्या टपरीवर आमचे अभिनंदन झाले. हे अशक्य आहे, हे आम्हाला कळत होते काय? खरे सांगायचे तर अर्धवट कळत होते. कार्य कारणाच्या आधी घडत नाही, एवढे तर्कशास्त्र मराठीच्या प्राध्यापकांनाही येते. पण दोन दिवस आम्ही गप्प राहिलो. कौतुक गोड लागत होते.

तिसऱ्या दिवशी आमच्या शिपाईमामांच्या आई काठी टेकत विभागात आल्या. १९६७ साली त्या सतरा वर्षांच्या होत्या. त्या पहाटे त्यांचे धाकटे भावंड भिंतीखाली गेले, हे गावात सर्वांना ठाऊक आहे. खुर्चीवर न बसता त्यांनी विचारले, “मास्तर, तुमच्या त्या मशिनीला आदी कळतंय म्हनं. मग रातीचं हाक माराल न्हवं?”

आम्हाला उत्तर देता आले नाही. त्यांच्या सुनेकडून कळले की दोन रात्री त्यांनी अंथरूण अंगणात टाकले होते आणि कान महाविद्यालयाच्या दिशेने लावले होते.

त्याच सायंकाळी आम्ही निवृत्त सरांना दूरध्वनी केला. सारे ऐकून घेऊन ते एवढेच म्हणाले, “यंत्र भविष्य सांगत नाही. घड्याळ मागे आहे. किती मागे आहे, ते नोंदीतच लिहिलेले असेल. वाचा.”

वाचायचे कसे, तेही त्यांनीच सांगितले. भूकंपाच्या केंद्रातून दोन प्रकारच्या लहरी निघतात. पहिली पी लहर वरच्या खडकातून सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर वेगाने येते, दुसरी एस लहर साडेतीन किलोमीटरच्या आसपास. वीज आणि गडगडाट यांच्यातील अंतरावरून ढग किती दूर ते आपण ओळखतो, तसाच हा प्रकार. दोन लहरींमधील सेकंदांना आठाने गुणले की किलोमीटरमध्ये ढोबळ अंतर मिळते. आमच्या नोंदीत हे अंतर तीन सेकंदांचे होते. म्हणजे भूकंपाचे केंद्र सुमारे चोवीस किलोमीटरवर, आणि पहिल्या लहरीला आमच्यापर्यंत यायला चार सेकंद लागणार. ती यायला हवी होती केंद्राने दिलेल्या वेळेनंतर चार सेकंदांनी. आमच्या कागदावर ती आली नऊ सेकंद आधी. आमचे घड्याळ तेरा सेकंद मागे होते.

या हिशेबातील एक गोष्ट आम्हाला रात्रभर जागवीत राहिली. घड्याळ तेरा सेकंद चुकलेले असूनही त्या नोंदीतील तीन सेकंदांचे अंतर मात्र खरे होते. दोन्ही क्षण एकाच चुकलेल्या घड्याळाने मोजलेले. वजाबाकी करताच चूक नाहीशी होते. म्हणजे त्या साक्षीदाराला ‘केव्हा’ हे सांगता येत नव्हते, तरी ‘आधी काय, मग काय, आणि मध्ये किती वेळ’ हे तो बिनचूक सांगत होता. साक्ष संपूर्ण खोटी नव्हती आणि संपूर्ण खरीही नव्हती. तिच्यातील कोणत्या विधानावर विश्वास ठेवायचा, हे ऐकणाऱ्याने ठरवायचे होते.

घड्याळ का चुकले, हा पुढचा प्रश्न. सरांनी बजावले होते की आधी काहीही बदलू नका. चुकीचा आकार पाहा. घड्याळ एकदम उडी मारून चुकते की हळूहळू सरकत जाते? प्रत्येक कारणाची चूक वेगळ्या आकाराची असते. एरवी आमच्या यंत्राला इंटरनेटवरून वेळ मिळे. पण रस्त्याच्या कामात केबल तुटल्याने धक्क्यापूर्वी अकरा दिवस महाविद्यालयाचे इंटरनेट बंद होते. त्या काळात यंत्र एका छोट्या चिपवरील घड्याळावर विसंबून होते. आमचा पहिला संशय भारनियमनावर. वीज जाऊन येताना घड्याळ काही सेकंद गमावत असेल, असे वाटले.

मग आम्ही यंत्राचे इंटरनेट मुद्दाम तोडले आणि आठ दिवस सकाळ-संध्याकाळ एक हास्यास्पद वाटणारा प्रयोग केला. भारतीय प्रमाणवेळ सांभाळणाऱ्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी मोबाईल ताडून एकाने आकडे मोजायचे, आणि बरोबर मिनिटाला दुसऱ्याने जिओफोनशेजारी टाच आपटायची. असे दहा वेळा. माणसाचा हात-पाय सेकंदाचा काही अंश उशीर करतो, म्हणून सरासरी घ्यायची. टाचेचा ठोका यंत्राच्या कागदावर कोणत्या वेळी उमटला, ते वहीत लिहायचे. व्हरांड्यातून जाणारे विद्यार्थी थबकून पाहत.

आठ दिवसांची ठिपक्यांची रेषा काढली. वीज दोनदा गेली होती, पण तेथे उडी दिसेना. रेषा सरळ उतरत होती, दिवसाला सुमारे १.२ सेकंद. अकरा दिवसांचे तेरा सेकंद असे जमले. आणखी नीट पाहिल्यावर दिसले की सकाळ ते संध्याकाळ उतार जास्त, संध्याकाळ ते सकाळ कमी. चूक उन्हाबरोबर चालत होती.

कारण सापडले ते असे. अशा घड्याळात क्वार्ट्झचा एक इवलासा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, आणि तेवढे कंप मोजून झाले की एक सेकंद झाला असे घड्याळ समजते. हा स्फटिक सुमारे २५ अंश तापमानाला सर्वांत नेमका असतो. त्याहून उष्ण झाला की मंदावतो, थंड झाला तरी मंदावतो. आणि मंदावणे तापमानातील फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पत्र्याखालच्या पेटीत तापमान ४५ अंशांवर गेले तर एवढ्यानेच दिवसाला एक सेकंदाहून अधिक मागे पडणे आले. वर स्फटिकाचा जन्मजात दोष. पेटी तळमजल्यावरील सिमेंटच्या खोलीत नेताच उतार निम्म्याहून कमी झाला. निदान पटले.

औषध म्हणून जीपीएस संग्राहक आणला. उपग्रहांतील अणुघड्याळांच्या आधारे तो दर सेकंदाला एक ठोका देतो, सेकंदाच्या दशलक्षांश भागाइतका नेमका. पहिले काही दिवस त्याचा अँटेना खिडकीत ठेवला होता; त्याला आभाळ पुरेसे दिसेना आणि ठोका मध्येच हरवे. गच्चीवर नेल्यावर तो स्थिरावला. आता संपले, असे वाटले. तर एका वीजखंडानंतर घड्याळ दोन सेकंद पुढे! ना थोडे कमी, ना थोडे जास्त, बरोबर दोन. आणि दहा-बारा मिनिटांनी आपोआप दुरुस्त.

या वेळी आकारावरूनच आम्हाला अर्धे उत्तर कळले. उष्णता अशी नेमकी पूर्णांकात चुकत नाही. पूर्णांकात चुकतो तो हिशेब, म्हणजेच अखेर मनुष्य. पृथ्वीच्या अनियमित फिरण्याशी जुळवून घेण्यासाठी जागतिक वेळेत अधूनमधून एक लीप सेकंद मिळवला गेला. १९८० पासून चालणारी जीपीएसची वेळ मात्र ते सेकंद मोजत नाही. दोहोंतील फरक १ जानेवारी २०१७ पासून १८ सेकंदांचा आहे. उपग्रह हा आकडा पाठवतात, पण साडेबारा मिनिटांच्या संदेशचक्रात तो एकदाच येतो. आमच्या जुन्या संग्राहकाच्या स्मृतीत १६ हा आकडा भरलेला होता, जो २०१२ ते २०१५ या काळात बरोबर होता. आतली बॅटरी मेलेली असल्याने प्रत्येक वीजखंडानंतर तो सारे विसरून २०१५ मध्ये जागा होई आणि नवा आकडा कानी पडेपर्यंत दोन सेकंद पुढे राही. बॅटरी बदलली, आणि यंत्र सुरू झाल्यानंतरची पहिली पंधरा मिनिटे ‘संशयित’ म्हणून नोंदवायचे ठरवले.

वाचक म्हणतील, यात साहित्य कोठे आले? आम्हाला तर सारा वेळ पाठचिकित्सेचा वर्ग चालू आहे असेच वाटत होते. पोथीची नक्कल करणाऱ्याच्या चुकाही अशाच आकारावरून ओळखायच्या असतात. दोन ओळींचा शेवट सारखा असला की डोळा घसरून मधली ओळ गळते. अक्षराचे वळण सारखे असले की एका जागी दुसरे बसते. अर्थ न कळलेला जुना शब्द ओळखीचा होऊन येतो. ओघात एकाच दिशेने सरकत गेलेली चूक निराळी आणि एका जागी बसलेला झटका निराळा. जुन्या पत्रावरील शक, संवत्सर, तिथी आणि वार यांचा मेळ जंत्रीशी घालून पाहणे म्हणजे तरी काय? एका घड्याळाला दुसऱ्या, त्याच्यावर अवलंबून नसलेल्या घड्याळासमोर उभे करणे. आमच्या टाचेच्या ठोक्यांचे काम याहून वेगळे नव्हते.

आणि मोहही तोच होता. तेरा सेकंदांची चूक कळल्यावर त्या विद्यार्थ्याने सुचवले, “सर, जुनी फाईलच तेरा सेकंद पुढे सरकवू या. केंद्राच्या वेळेशी तंतोतंत जुळेल.” त्याचा हेतू शुद्ध होता. पण ती फाईल मग केंद्राच्या वेळेला दुजोरा देणारी स्वतंत्र साक्ष राहिली नसती. केंद्राच्या साक्षीची नक्कल झाली असती. भूकंपाचे स्थान अनेक केंद्रांवरील वेळांच्या मेळातून काढतात. एका सेकंदाची चूक म्हणजे पी लहरीच्या हिशेबात सहा किलोमीटरची चूक. जुळवून घेतलेला साक्षीदार या कामात चुकलेल्या साक्षीदारापेक्षाही वाईट, कारण त्याची चूक पकडता येत नाही.

वर्गात आम्ही एकनाथांचा दाखला दिला. शके १२१२ च्या ज्ञानेश्वरीची त्यांनी शके १५०६ मध्ये प्रत शुद्ध केली आणि यात कोणी आपल्या ओव्या मिसळू नयेत असे बजावले. त्यांचे ऋण मोठे आहे. तरी त्यांच्यासमोर कोणत्या प्रती होत्या आणि कोठे काय बदलले, हे आज आपल्याला पानाखाली पाहता येत नाही. म्हणून आधुनिक संपादक दुरुस्ती वर छापतो आणि पाठभेद तळाला जपतो. आम्ही तेच केले. मूळ फाईलला हात लावला नाही. तिच्याशेजारी एक टीप ठेवली : ‘घड्याळ सुमारे १३ सेकंद मागे, कारण, उष्णतेने मंदावलेला स्फटिक, लहरींमधील अंतर विश्वसनीय, निरपेक्ष वेळ अविश्वसनीय.’ तेव्हापासून प्रत्येक नोंदीला घड्याळाच्या अवस्थेचा एक रकाना आहे : निश्चित, संशयित, अज्ञात.

घड्याळे जुळली म्हणून केवढे काम होऊ शकते, याचे उदाहरणही त्या निमित्ताने वाचनात आले. एप्रिल १८८९ मध्ये एर्न्स्ट फॉन रेबॉयर-पाश्विट्झ या जर्मन संशोधकाच्या पॉट्सडॅम येथील नाजूक लंबकावर एक अनाकलनीय थरथर उमटली. पुढे जपानमधील भूकंपाचा वृत्तांत त्याच्या वाचनात आला आणि दोन्ही वेळा ताडून पाहता ही थरथर त्याच भूकंपाची होती असे त्याच्या लक्षात आले. पृथ्वीच्या पोटातून भूकंप दूरवर ऐकू येतो, हे त्या ताळ्यातून समजले. त्याच्या घड्याळावर विसंबता आले नसते, तर ती थरथर निनावीच राहिली असती.

सारे निदान झाल्यावर आम्ही शिपाईमामांच्या घरी गेलो. सांगणे सोपे नव्हते. यंत्राला आधी काहीही कळले नाही, आमचे घड्याळ मागे होते, आणि तेरा सेकंदांची ती चूक आम्ही दोन दिवस कौतुक म्हणून मिरवली, असे स्पष्ट सांगितले. भूकंप कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी येईल हे जगात कोणालाही आधी सांगता येत नाही, हेही सांगितले. पहिली लहर ओळखून दुसरीआधी इशारा देणाऱ्या यंत्रणा काही देशांत आहेत; पण इतक्या जवळच्या भूकंपात हाती उरणार तीन सेकंद, आणि आमच्या यंत्राच्या आवाक्यात तेही नाही.

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. आम्ही धीर करून विचारले, “आई, त्या पहाटे किती वाजले होते, आठवते का?”

“घड्याळ कुनाकडं हुतं, मास्तर? कोंबडा आरवायचा हुता अजून. आदी लांबून आवाज आला, गाडी आल्यावानी. आमी उठून बसलो. मी धाकल्याचा हात धरला. मग हिसका बसला.” आणि थोडे थांबून, “हात धरला हुता मी. आवाज आन् हिसका यांच्या मधीच धरला हुता.”

जगातील भूकंपसूच्यांत तो भूकंप १० डिसेंबरचा आहे; कारण त्या सूच्या जागतिक प्रमाणवेळेने, म्हणजे आपल्याहून साडेपाच तास मागे चालतात, आणि तेथे तेव्हा आदल्या रात्रीचे १० वाजून ५१ मिनिटे झाली होती. किल्लारीचा १९९३ चा भूकंपही, जो आपल्या स्मरणात अनंत चतुर्दशीनंतरच्या पहाटेचा, ३० सप्टेंबरचा आहे, तेथे २९ सप्टेंबरला घडलेला असतो. कोणीही खोटे बोलत नाही. कोणते घड्याळ ते तेवढे सांगितलेले असावे लागते. या आईंपाशी तर घड्याळच नव्हते. पण आवाज, मग हात, मग हिसका हा क्रम आणि त्यामधील ते दोन-तीन सेकंद त्यांनी जवळजवळ साठ वर्षे जसेच्या तसे जपले होते. आम्ही आत्मकथने शिकवतो. लेखकाने साल चुकवले, गावांचा क्रम उलटसुलट केला, की परीक्षेच्या उत्साहाने त्यावर बोट ठेवतो. यापुढे बोट ठेवण्यापूर्वी ही चूक उडीची आहे की उताराची, आणि ती वजा केल्यावर मागे काय अढळ उरते, हे आधी पाहू, एवढे तरी आम्ही शिकलो आहोत.

निघताना त्यांनी विचारले, “मग आता तुमचं घड्याळ बराबर चालतंय न्हवं?”

सकाळची वही आठवून आम्ही सांगितले, “आज बरोबर आहे. उद्या सकाळी पुन्हा पाहू.”

“बगा,” त्या म्हणाल्या, आणि त्या रात्री त्यांनी अंथरूण घरात टाकले, असे शिपाईमामांनी दुसऱ्या दिवशी सांगितले.